उद्याचे चार अंश

त्या दोघांची पहिली भेट नजरेने व्हायला हवी होती, पण ती काही झाली नाही, कारण सिस्टरचं डोकं तेव्हा फ्रिजमध्ये होतं.

लसींचा फ्रिज घरातल्या फ्रिजसारखा उभा नसतो. तो मोठ्या पेटीसारखा आडवा, आणि झाकण वरून उघडायचं. तळाशी पडलेली वस्तू शोधायची, तर कमरेत वाकून आत उतरावंच लागतं. सिस्टर तशी उतरली होती. दारातून पाहणाऱ्याला गणवेशाची पाठ, उचललेल्या टाचा आणि पाठीवरून घसरलेली एक लांब वेणी, एवढाच ऐवज दिसत होता.

"अहो... भाड्याने खोली मिळाली नाही का या गावात?"

सिस्टर दचकली आणि झाकणावर डोकं आपटून घेत बाहेर आली. दारात एक तिशीचा माणूस उभा होता. काखेत हेल्मेट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि चेहऱ्यावर असं हसू, की माणसाला राग यावा आणि नेमका येऊ नये.

"काय हवंय?" ती डोकं चोळत म्हणाली.

"पाणी. गाडी पंक्चर झालीय. तुमच्या फाटकासमोरच."

"पंक्चरलाही जागा बरी सापडली."

"हो ना..." तो जरा घुटमळला. "सापडली खरी."

मावशीने तांब्या आणून दिला. मावशी म्हणजे आरोग्य केंद्राची मदतनीस. झाडलोट तिची, नोंदणीची रांग तिची आणि गावातल्या सगळ्या बातम्याही तिच्याच. तिने पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि पाहिलेलं पसंत असल्यासारखी कोपऱ्यात जाऊन बसली.

पाणी पिता पिता तो मध्येच थांबला. मान तिरकी करून ऐकू लागला.

"हा गप्प बसतो का कधी?"

"कोण?"

"हा." त्याने फ्रिजकडे बोट केलं. "थोडं चालायचं, थोडं थांबायचं, असं असतं याचं. हा आपला अखंड घुर्रघुर्र करतोय. मी जिल्ह्याचा मेकॅनिक आहे, लसींचे फ्रिज बघतो. निघालो होतो पुढच्या केंद्रावर... पण थर्मामीटर कुठंय याचा?"

आता आली का पंचाईत! थर्मामीटरच तर शोधत होती ती. गेले कित्येक दिवस तो टोपलीखाली कुठेतरी घसरला होता. सोमवारी मोठ्या डॉक्टरबाई तपासणीला येणार, म्हणून आज त्याची आठवण झाली होती.

"आहे आत. पडलाय... आत्ताच," सिस्टर म्हणाली.

भिंतीवर तापमानाचा तक्ता लटकत होता. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर पाहायचा आणि आकडा लिहायचा. दोन ते आठ अंशांच्या मध्ये असला, की लस सुखात. सिस्टरचा तक्ता म्हणजे मोत्यांची रांग होती. सकाळी चार, संध्याकाळी चार, खाडाखोड नाही, डाग नाही. मागच्या बैठकीत डॉक्टरबाईंनी तो सगळ्यांना दाखवला होता. "तक्ता असा ठेवायचा," म्हणाल्या होत्या, आणि सिस्टरने नम्रपणे खाली पाहिलं होतं. नम्रपणे म्हणा, नाहीतर दुसऱ्या कशाने तरी.

मेकॅनिक तक्त्यासमोर उभा राहिला. त्याचं बोट ओळीवरून सरकत आजच्या तारखेवर आलं, शनिवार. सकाळ, चार. संध्याकाळ, चार. मग रविवार. सकाळ, चार. संध्याकाळ...

"आज सकाळचे दहा वाजलेत ना?" त्याने हळूच विचारलं.

सिस्टर पुन्हा फ्रिजमधल्या टोपल्या चाळू लागली.

"उद्या संध्याकाळीही चारच असणार, हे आजच कळलं तुम्हाला? मग हवामान खात्यात का नाही जात? त्यांना माणसं हवीच असतात."

तो गमतीने म्हणाला होता. पण सिस्टरच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? आरोग्य केंद्राची फरशी मात्र चांगली घट्ट होती.

असं नव्हतं, की ती कामचुकार होती. पाच वस्त्या पायी पालथ्या घालायची. एका संध्याकाळी बाळंतिणीला बघून परतायला उशीर झाला, आकडा राहिला. दुसऱ्या दिवशी तिने अंदाजाने चार लिहिला. आभाळ कोसळलं नाही. मग रविवारचा आकडा शनिवारीच लिहिला. तेव्हाही आभाळ जागच्या जागीच. सवयीचं असंच असतं. ती दार वाजवत नाही, एक दिवस घरात बसलेली दिसते.

मेकॅनिकने आपल्या पेटीतला थर्मामीटर आत ठेवला. पाच मिनिटांनी काढला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"शून्याच्या खाली."

"शक्यच नाही! दर बुधवारी मी बाटल्या काढते. कधी गोठलेल्या दिसल्या नाहीत."

"सकाळी वीज जाते इथली?"

"रोज. दोन तास."

"मग बरोबर. रात्रभर गोठतात, वीज गेली की सुटतात. तुम्ही झाकण उघडता तेव्हा सगळं शहाण्यासारखं. पण ही लस एकदा गोठली की तिच्यात काही राहत नाही, हे... तुम्हाला मी काय सांगायचं?"

नव्हतंच सांगायचं. तिला पाठ होतं ते.

"कधीपासून बिघडलाय?" तिने विचारलं.

मेकॅनिकने तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. "ते खरं तर... यावरून कळायला हवं होतं."

तेवढ्यात कोपऱ्यातून मावशीचा हुंदका आला. "सिस्टर, रागावू नका. मी माझी पाण्याची बाटली ठेवते त्यात. ठेवायची नसते, ठाऊक आहे. पण तीन आठवडे झाले... सकाळी काढली की आत बर्फाचा गोळा असतो. मला वाटलं, फ्रिज आता चांगला चालायला लागला!"

तीन आठवडे म्हणजे तीन बुधवार. सिस्टरने रजिस्टर उघडलं आणि मोजलं. एकतीस बाळं. सतराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि पुढे सरकेना. तिथे तिच्या सख्ख्या भावाची मुलगी होती. तीन महिन्यांची.

"अजून नक्की नाही," मेकॅनिक घाईने म्हणाला. "चाचणी करू. एक बाटली मुद्दाम गोठवायला ठेवतो, ती रात्रभर राहू दे. मी उद्या येतो."

"उद्या रविवार आहे."

"उद्याचं आधी ठरवायचा हक्क काय फक्त तुम्हालाच?" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, हे मावशीने टिपलं. सिस्टरही सुटीच्या दिवशी गणवेश न घालता निळ्या साडीत आली होती, हेही मावशीने टिपलं. त्या दोघांनी मात्र यातलं काही टिपल्याचं दाखवलं नाही.

चाचणी सोपी असते. एक बाटली मुद्दाम गोठवून मग सुटू दिलेली, दुसरी संशयातली, कालच फ्रिजबाहेर काढून ठेवलेली. दोन्ही हातात धरून हलवायच्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि अर्धा तास पाहायचं. चांगली लस बराच वेळ दुधासारखी राहते. गोठून गेलेलीचा गाळ भराभर तळाशी बसतो आणि वर नुसतं पाणी दिसतं.

दोघं टेबलासमोर बसले. खिडकीबाहेर रिमझिम सुरू होती, पत्र्यावर हलका आवाज येत होता. गप्प बसवेना, म्हणून बोलणं सुरू झालं.

"घरी कोण कोण?" तिने विचारलं.

"आई. ती म्हणते, तुला यंत्रं कळतात, माणसं कळत नाहीत."

"खरंच नाही कळत?"

"काल तुमचे कान लाल झाले, तेवढं कळलं."

"ते फ्रिजच्या गारठ्याने."

"हो का? मग आज कशाने?"

तिने पटकन वेणी पुढे घेतली, कान झाकले. तो हसला. तीही हसली... आणि हसताना तिच्या मनात आलं, की हा माणूस रोज असा समोर बसला तर काय बहार होईल. आलेला विचार तिने परत पाठवला, पण तो दारातच रेंगाळला.

मग दोघांनी एकदमच टेबलाकडे पाहिलं.

मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत गाळ तळाशी बसला होता आणि वर स्वच्छ पाणी होतं. तिच्या शेजारच्या बाटलीतही अगदी तसंच होतं.



मेकॅनिकने अहवालाचा कागद काढला. केंद्राचं नाव लिहिलं, फ्रिजचा नंबर लिहिला. 'बिघाड केव्हापासून' या रकान्यावर पेन थांबलं. आणि सिस्टरने आयुष्यात पुढे कितीदा तरी आठवून मान खाली घालावी, अशी गोष्ट त्या क्षणी केली. ती त्याच्याकडे पाहून हसली. मघासारखी नाही. ठरवून.

"कालचीच तारीख घालता आली तर..." ती हळू आवाजात म्हणाली. "काल रात्री अचानक बिघडला, असं. म्हणजे मग... कोणाला काही झालंच नाही. तुम्ही लिहिलंत तर कोण विचारणार आहे?"

बोलून झालं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटे आकडे लिहिले ते एक वेळ आळसाने, धावपळीत. हे मात्र शुद्धीवर राहून, वेणीशी चाळा करत केलेलं होतं.

तो रागावला नाही. तेच जास्त लागलं.

"लिहीन की. येतं मला. चांगली सवय आहे." तो उठला. फ्रिजच्या मागे देखभालीचं कार्ड अडकवलेलं होतं, ते काढून त्याने तिच्यासमोर ठेवलं. "ही शेवटची सही बघा. दोन महिन्यांपूर्वीची. 'फ्रिज तपासला, ठीक आहे.' कोणाची आहे?"

"तुमची..." अक्षर समोरच्या अहवालातलंच होतं.

"मला कधी पाहिलं होतं इथे?"

सिस्टरने नकारार्थी मान हलवली.

"पूल पाण्याखाली होता, फेरी हुकली. पाणी ओसरल्यावर कार्ड कोणाबरोबर तरी बैठकीला आलं, मी तिथेच चहा पिता पिता सही केली. त्या दिवशी आलो असतो तर हा थर्मोस्टॅट सैल होत चाललेला तेव्हाच दिसला असता. दोन मिनिटांचं काम होतं." तो खाली बसला. "तेव्हापासून हे केंद्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. काल पंक्चर झालंच नव्हतं. हवा मीच सोडली. सरळ आलो असतो तर तुम्ही विचारलं असतंत, याआधी का नाही आलात म्हणून. आणि वर तुमच्या त्या चार अंशांना हसलो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... रात्रभर लाज वाटली."

पाऊस थांबला होता. मावशी पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे कान देऊन ऐकत होती.

"आता सांगा," तो म्हणाला. पेन त्याने तिच्यापुढे सरकवलं. "तुम्ही म्हणाल ती तारीख."

सिस्टरला सतरावी ओळ दिसली. सुई टोचल्यावर त्या पोरीने केवढं भोकाड पसरलं होतं, आणि वहिनी पोरीला थोपटत म्हणाली होती, "रडू नकोस गं, आत्याने दिलंय. आत्या काय वाईट देईल का?"

तिने पेन उचललं आणि तीन आठवड्यांपूर्वीची तारीख लिहिली. अक्षर मोत्यासारखं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरबाई आल्या, अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त उठल्या, भिंतीवरचा तक्ता काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "हा मी पंधरा केंद्रांना दाखवला होता." दोघांनाही मेमो मिळाला. लगोलग नवी लस आली. बाळांना पुन्हा डोस द्यायचा होता, त्याने त्रास काही होणार नव्हता. पण आधी घरोघरी जाऊन सांगायचं होतं, का ते.

"मी जाते," सिस्टर म्हणाली.

"आपण जाऊ," मेकॅनिक म्हणाला. "कार्डावर सही माझी आहे."

पहिलं घर तिने सतराव्या ओळीचं घेतलं. दुसऱ्यांच्या दारात आधी गेली असती, तर ती पळवाट ठरली असती.

वहिनी ओसरीवर कपडे वाळत घालत होती. नणंद-भावजयीचं या दोघींसारखं सूत क्वचितच जुळतं. एकीचं गुपित दुसरीच्या पदराला बांधलेलं असायचं. त्यामुळे वहिनी आधी हसली, मग पाठीमागच्या पुरुषाकडे पाहून भुवई उडवली.

"ताई, हे काय? न सांगता पाहुणे?"

सिस्टरने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, फ्रिजवर ढकललं नाही, विजेवर ढकललं नाही. मेकॅनिक मध्ये म्हणाला, "चूक त्यांच्या एकट्यांची नाही, माझीही..." पण वहिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातातलं ओलं झबलं तसंच राहिलं, पाणी ठिबकत राहिलं.

"म्हणजे तू आकडा बघायचीच नाहीस?"

"नाही."

"आणि लिहायचीस?"

"हो."

"तीन आठवडे मी निर्धास्त झोपले." वहिनीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ठीक आहे. बुधवारी बघू, यायचं की तालुक्याला न्यायचं ते. निघा आता, सिस्टर."

लग्न होऊन आल्यापासून वहिनीने तिला कधी सिस्टर म्हटलं नव्हतं. गावाने म्हटलं तर तो मान होता. वहिनीने म्हटलं, तेव्हा गालावर चपराक बसल्यासारखं झालं.

उरलेली तीस घरं झाली. कुठे शिव्या मिळाल्या, कुठे पाणी मिळालं. एका आजोबांनी "पोरी, खरं बोलायला आलीस म्हणून आत ये," म्हटलं, तेव्हा तिला सगळ्यात जास्त रडू आलं. मेकॅनिक शेजारून चालत होता. शेवटच्या वस्तीनंतर चिखलात तिची चप्पल तुटली. त्याने खिशातून तार काढली, खाली बसला आणि दोन मिनिटांत जोडून दिली.

"सगळं येतं तुम्हाला दुरुस्त करता?"

"नाही हो..." तो चपलेकडेच बघत म्हणाला. "काही गोष्टी नुसतं शेजारी चालून बघाव्या लागतात. दुरुस्त झाल्या तर झाल्या."

पुढे चालताना मधलं हातभर अंतर वीतभर झालं.

बुधवार उजाडला. सिस्टर नऊला आली, झाकण उघडलं, थर्मामीटर पाहिला. पाच. कोऱ्या तक्त्यावर तिने पहिला आकडा लिहिला. सकाळी, पाच. मग बसून राहिली. साडेनऊपर्यंत कोणी आलं नाही. मावशीने सतरंजी दोनदा झटकली. मेकॅनिक नवा थर्मोस्टॅट पुन्हा तपासायच्या निमित्ताने आला होता आणि एकच स्क्रू पाचव्यांदा आवळत होता.

दहाला फाटक वाजलं. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन वहिनी आली.

ती बाकावर बसली नाही. सरळ फ्रिजपाशी गेली. "उघड."

सिस्टरने झाकण उघडलं. वहिनीने वाकून थर्मामीटर हातात घेतला, उजेडाकडे धरून आकडा वाचला. मग भिंतीवरचा तक्ता वाचला. पुन्हा थर्मामीटर पाहिला. सिस्टर मान खाली घालून उभी होती. एवढी शरम तिला डॉक्टरबाईंसमोरही वाटली नव्हती.

"पाच," वहिनी म्हणाली.

"पाच," सिस्टर म्हणाली.

वहिनी बाकावर बसली, बाळाची मांडी उघडी केली. "दर वेळी बघणार मी. आधीच सांगून ठेवते. माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजणार."

"दे मग... ताई."

सिस्टरचे डोळे भरून आले. तिने पालथ्या हाताने ते पुसले, हात पुन्हा धुतले आणि सुई भरली. पोरीने गेल्या खेपेपेक्षाही मोठं भोकाड पसरलं. त्या आवाजाने फाटकाबाहेर घुटमळणाऱ्या दोघी-तिघी आयांना धीर आला असावा, त्याही आत आल्या. रांग लागली.

निघताना वहिनी दारात थांबली. स्क्रू आवळणाऱ्याकडे तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"हा फ्रिज दुरुस्त झालाय ना?"

"झालाय," मेकॅनिक उभा राहत म्हणाला.

"मग हे अजून इथे कशाला?" वहिनीने नणंदेला विचारलं. ती हसली नाही, पण भुवई मात्र उडाली. आणि उत्तराची वाट न पाहता गेली.

दुपारी केंद्र रिकामं झालं. मावशीला अचानक अंगणातली फुलझाडं आठवली. मेकॅनिकने पेटी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

"तुमच्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर..." तो म्हणाला. "म्हणजे, माझ्याकडे आहे ते. पण तुम्ही आधी... तुमच्या घरी माझ्या आईला घेऊन आलो, तर... चालेल?"

सिस्टरने तक्त्याकडे पाहिलं. एक आकडा, आणि खाली सगळे रकाने रिकामे. इतके रिकामे रकाने पाहून पूर्वी तिला अस्वस्थ वाटलं असतं.

"आपण दोघंही न बघता सह्या करणारी माणसं," ती म्हणाली. "भीती वाटते हो."

"मलाही."

"म्हणून आत्ताच सगळ्या जन्माचं लिहून देणार नाही मी."

त्याचा चेहरा उतरला. तिने तो उतरू दिला, अगदी क्षणभरच. मग कान लाल झालेले असतानाही वेणी मागे टाकली.

"आजचं सांगते. आज हो आहे," ती म्हणाली. "उद्याचं उद्या विचारा. सकाळ-संध्याकाळ, समोर येऊन, तोंडाकडे बघून विचारायचं. जमेल?"

"रविवारीसुद्धा?"

"रविवारी तर नक्कीच."

तो हसला आणि निघाला. फाटकापर्यंत जाऊन परत आला.

"आता काय?"

"गाडी..." तो म्हणाला. "या वेळी खरंच पंक्चर झालीय."